आकड्यातला स्वल्पविराम

मंडळी, आजचा विषय तसा रुक्ष आहे. संगणकाच्या सेटिंगचा. पण शेवटपर्यंत वाचा, कारण त्यात तुमच्या-माझ्या पैशांचा प्रश्न आहे आणि घरातल्या मोठ्या माणसांचाही.

आधी हा आकडा बघा: ४,८७५,३२०. मोठ्याने वाचा. मनातल्या मनात नाही, मोठ्याने! अडखळलात ना? आता हा बघा: ४८,७५,३२०. अठ्ठेचाळीस लाख पंचाहत्तर हजार तीनशे वीस. एका दमात वाचून झाला. अंक तेच, क्रम तोच, स्वल्पविरामही दोनच. फक्त पहिला स्वल्पविराम एक घर उजवीकडे सरकला. एवढ्याने जर वाचणाऱ्याची जीभ मोकळी होत असेल, तर तो स्वल्पविराम किरकोळ गोष्ट नाही, असं माझं म्हणणं आहे.

मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, गणित नाही. त्यामुळे आकड्यांकडेही मी भाषेच्या बाजूनेच बघते. मुलांना विरामचिन्हं शिकवताना मी सांगायचे, "वाचताना जिथे जरा थांबायचं, तिथे स्वल्पविराम." आकड्यातही तेच आहे. आपण लाखाशी थांबतो, मग हजाराशी थांबतो. स्वल्पविराम आला की त्याच्या डावीकडे जे आहे त्याला "लाख" म्हणा, पुढचा आला की "हजार" म्हणा. म्हणजे ते चिन्ह उच्चार कसा करायचा ते सांगतं. ४,८७५,३२० मध्ये चाराशी थांबलो, तर म्हणायचं काय? मिलियन. मराठीत त्याला दशलक्ष हा शब्द आहे, नाही असं नाही. पण "चार दशलक्ष आठशे पंचाहत्तर हजार" असं कुणी घराची किंमत सांगताना मी तरी आजवर ऐकलेलं नाही.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता. एकवीस म्हणायचं की वीस एक? बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, त्यांनी परोपरीने समजावून सांगितलं. बाजू कुठलीही घ्या, पण संख्या तोंडाने कशी म्हणायची हा प्रश्न अख्ख्या महाराष्ट्राला महत्त्वाचा वाटला, हे मला फार आवडलं होतं. तेवढीच आस्था आपण संख्या कागदावर कशी लिहितो याबद्दल का दाखवत नाही, कोण जाणे.

कायद्याला मात्र हे आधीपासून ठाऊक आहे. १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट आहे, चेक आणि हुंड्यांचा. त्याचं अठरावं कलम सांगतं की अंकी रक्कम आणि अक्षरी रक्कम यांत फरक पडला, तर अक्षरी रक्कम खरी धरायची. (प्रत्यक्षात बँक असा चेक परत पाठवते, तो भाग वेगळा.) म्हणून तर पावतीवर आपण "अक्षरी रुपये" लिहून पुढे "फक्त" लिहितो. शब्दात म्हणता आला, तर तो आकडा पक्का.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते सांगते. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. आमचा खजिनदार तरुण आहे, हुशार आणि अगदी प्रामाणिक. ऑफिसच्या लॅपटॉपवर त्याने सगळा हिशोब केला, छापून प्रत्येकाच्या हातात दिला. लॅपटॉप कंपनीचा, त्याचं सेटिंग अमेरिकेचं. विषय होता लिफ्ट बदलण्याचा. कागदावर लिहिलेलं २,३५०,०००, आणि दुरुस्ती निधीत शिल्लक १,१८०,०००. चिन्ह कुठलंच नाही. सभेला तीस-पस्तीस माणसं, त्यांत निम्मी साठीच्या पुढची. अध्यक्षांनी विचारलं, "काही शंका?" कुणीच बोलेना. अध्यक्ष म्हणाले, "मग मंजूर?"

माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. आयुष्यभर कारकुनी केलेले, हिशोबात पक्के. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "बाई, दोन हजार तीनशे पन्नास हजार म्हणजे हो किती?" त्यांना विचारायचं होतं, पण भर सभेत विचारायची लाज वाटत होती. आकडा वाचता येत नाही, असं या वयात कोण कबूल करणार? मी उभी राहिले आणि खजिनदाराला म्हटलं, "अरे बाळा, जरा मोठ्याने वाचून दाखव ना." तो सुरू झाला आणि थांबला. मग उजवीकडून बोटाने मोजायला लागला... एकं, दहं, शतं, सहस्र... आणि म्हणाला, "तेवीस लाख पन्नास हजार, काकू."

तो शब्द उच्चारल्यावर सभेचा नूरच पालटला. तेवीस लाख? आणि शिल्लक किती? अकरा लाख ऐंशी हजार? म्हणजे अकरा लाख सत्तर हजार कमी पडतात. चाळीस घरं, प्रत्येकी एकोणतीस हजार दोनशे पन्नास. एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, हप्त्याने दिले तर चालतील का? एका वहिनींनी विचारलं, दुसरं कोटेशन का नाही घेतलं? आजोबांनी तर देखभालीचा करार किती वर्षांचा आहे ते विचारलं, जे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तासभर चर्चा झाली. शेवटी लिफ्टचं काम मंजूरच झालं, पण तीन हप्त्यांत पैसे भरायची सवलत मिळाली आणि आणखी दोन कोटेशनं मागवायचं ठरलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जो आकडा वाचता येत नाही, त्याच्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नाही. लबाडी असायलाच हवी असं नाही, आमच्या खजिनदाराच्या मनात लबाडीचा लवलेशही नव्हता. पण हिशोब मांडणं आणि हिशोब कळू देणं या दोन गोष्टी आहेत. सभेत कागद वाटला म्हणजे दुसरी झाली असं होत नाही.

यातली गंमत अशी की यासाठी पैसे खर्च करायला नकोत, नवीन काही विकत आणायला नको. सोय संगणकात आहेच. फक्त ती कुठे आहे हे माहीत नसतं, आणि मुख्य म्हणजे ती भाषेच्या सेटिंगमध्ये असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

मी स्वतः लिबर ऑफिस वापरते, कारण ते फुकट आहे. त्यात टूल्स, मग ऑप्शन्स, मग लँग्वेज सेटिंग्ज असा रस्ता आहे (नव्या आवृत्त्यांमध्ये त्याला लँग्वेजेस अँड लोकॅल्स म्हणतात). तिथे गेलं की तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात, आणि सगळा घोळ या तिघींना एकच समजण्यातून होतो. पहिली, मेनू कुठल्या भाषेत दिसावेत. दुसरी, लोकॅल, म्हणजे आकडे, तारखा आणि चलन कुठल्या देशाच्या रीतीने लिहावेत. तिसरी, तुम्ही जो मजकूर लिहिता त्याची भाषा कुठली, म्हणजे शुद्धलेखन कशाचं तपासायचं.

या तिन्ही एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. मेनू इंग्रजीत ठेवून आकडे भारतीय करता येतात! आमच्या खजिनदाराला वाटत होतं की भारतीय आकडे हवे असतील तर सगळे मेनू मराठीत होतील आणि मग त्यालाच काही सापडणार नाही. तसं काही होत नाही. दुसऱ्या ओळीत, लोकॅलमध्ये, "इंग्लिश (इंडिया)" निवडायचं. चलन आपोआप रुपया होतं. आधीच्या फाइलमधले काही सेल हट्टी असतात, ते जुनंच रूप धरून बसतात. त्यांच्यावर जाऊन फॉरमॅट सेल्समध्ये भाषा इंग्लिश (इंडिया) निवडली की झालं.

ज्यांच्याकडे विंडोजवर एक्सेल आहे, त्यांनी एक्सेलमध्ये शोधत बसू नये. तिथे हे विंडोजकडून येतं. कंट्रोल पॅनलमध्ये रीजन उघडायचं, फॉरमॅट इंग्लिश (इंडिया) करायचा. अ‍ॅडिशनल सेटिंग्जमध्ये डिजिट ग्रुपिंग नावाची ओळ आहे. तिथे १२,३४,५६,७८९ असा नमुना दिसला पाहिजे. दिसत नसेल तर निवडायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसऱ्या ओळीबद्दल एक तक्रारवजा निरीक्षण. मराठी मजकुराची भाषा निवडायला गेलं की लिबर ऑफिसमध्ये तीन रांगा दिसतात: वेस्टर्न, एशियन आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. आपण आशियातले, म्हणून मी एशियनमध्ये शोधलं. तिथे चिनी, जपानी, कोरियन! आपली मराठी कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे गुंतागुंतीच्या लिप्यांत. वेलांट्या आणि जोडाक्षरांमुळे संगणकाला जास्त काम पडतं, म्हणून ते नाव. पाटीवर पहिलं अक्षर गिरवणाऱ्या मुलाला ते कधी गुंतागुंतीचं वाटलेलं मी पाहिलं नाही. असो.

एक सूचना मात्र शिक्षकाच्या आवाजात करते, कारण ही चूक बऱ्याच मंडळांच्या हिशोबात दिसते. सेलमध्ये "रु. ५००" असं हाताने लिहू नका. "रु." लिहिलं की संगणक त्याला शब्द समजतो आणि बेरजेत धरत नाही. सेलमध्ये नुसता आकडा लिहायचा, रुपयाचं चिन्ह फॉरमॅटने घालायचं. आकडा म्हणजे माणूस आणि फॉरमॅट म्हणजे त्याचा पोशाख. पोशाख बदलला म्हणून माणूस बदलत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: संगणकाला आकडा आकडा म्हणून कळला की तो सेलच्या उजव्या कडेला टेकतो. डावीकडे चिकटून बसला, तर समजावं की याला शब्द समजलं गेलंय आणि बेरीज तपासावी.

चिन्हाचीही एक गोष्ट आहे. आपलं ₹ हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी ते केलं, देवनागरी र आणि रोमन आर यांच्या मेळातून. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये आलं. मधल्या काळात उत्साही लोकांनी एक फाँट पसरवला होता, त्यात कीबोर्डवरच्या उलट्या टिकलीच्या जागी रुपया बसवलेला होता. आपल्या संगणकावर छान रुपया दिसायचा, दुसऱ्याकडे फाइल गेली की नुसती टिकली! आता ती अडचण राहिलेली नाही. विंडोजमध्ये कीबोर्ड इंग्लिश (इंडिया) निवडलेला असेल तर उजवीकडचं ऑल्ट आणि ४ एकदम दाबा, ₹ उमटतो.

आता घरच्या मंडळींसाठी. आपल्या गावच्या घराचा सामायिक खर्च एका फाइलमध्ये असतो, हे तुम्हाला माहीतच आहे. ती फाइल न्यू जर्सीला माझ्या भाच्याकडे जाते आणि तिथून परत येते. त्याच्या संगणकावर महिना आधी, दिवस नंतर. घरपट्टी भरल्याची तारीख ०५/०६ लिहिलेली असेल तर ती पाच जून की सहा मे? आपल्यासाठी पाच जून, त्याच्या संगणकासाठी सहा मे. आणि २५/०६ लिहिलं की त्याचा संगणक गोंधळतो, कारण पंचवीसावा महिनाच नाही. मग तो त्याला शब्द समजतो, सेलमध्ये डावीकडे ढकलतो, आणि तारखेप्रमाणे यादी लावली की अर्ध्या नोंदी एकीकडे आणि अर्ध्या दुसरीकडे. पावती जूनची आणि नोंद मेची, असं झालं की भावाभावांत उगाच संशय येतो. पैशाच्या बाबतीत नाती किती नाजूक असतात, हे मी वेगळं सांगायला नको. म्हणून आपल्या फाइलमध्ये महिना अक्षरी लिहायचा असं मी सुचवते. ५ जून. तो जगाच्या पाठीवर कुठेही पाच जूनच राहतो.

याहून वाईट गोष्ट चलनाची. एक्सेलमधले काही चलनाचे फॉरमॅट जिथे फाइल उघडते तिथलं चिन्ह लावतात. भाच्याने तिकडे लिहिलेले २०० डॉलर माझ्याकडे उघडल्यावर ₹ २०० दिसू शकतात! संगणक चिन्ह बदलतो, भाव करत नाही. परदेशातून येणाऱ्या रकमेसमोर "डॉलर" किंवा "रुपये" असा वेगळा रकाना ठेवला तर वाद उरत नाही.

याच भाच्याचा माझ्या मुद्द्याला विरोध आहे, तोही सांगितला पाहिजे. तो म्हणतो, "मावशी, सगळं जग तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतं. आपणच का वेगळं? मुलांना एकच पद्धत शिकवावी." शिवाय त्याने एक चांगला दाखला दिला. जपानी माणसं बोलताना दहा हजारांच्या पटीत मोजतात, म्हणजे चार शून्यांचा गट. तरी लिहिताना ते तीन-तीन अंकांवरच स्वल्पविराम देतात, आणि त्यांचं काही अडत नाही.

दाखला खरा आहे, मी मान्य करते. सवयीने माणूस काहीही वाचायला शिकतो. पण "सगळं जग" म्हणणं काही खरं नाही. जर्मनीत हजाराच्या जागी टिंब देतात आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम, आपल्या बरोब्बर उलट. त्यांना कुणी सांगत नाही की पद्धत बदला. लाख-कोटीची रीत नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानातही चालते. हे वेगळेपण आहे म्हणूनच तर प्रोग्रॅम करणाऱ्यांनी लोकॅल नावाची सोय केली. त्यांनी आपल्याला विचारलंय, तुमची रीत कोणती? आपण उत्तरच देत नाही आणि मग म्हणतो, जगाची रीत हीच आहे. आणि खरं सांगायचं तर, भाच्याने परदेशी कंपनीसाठी मिलियन लिहावेत, माझी काही हरकत नाही. वाचणारा तिकडचा आहे. सोसायटीचा, देवळाचा, वाचनालयाचा, बचत गटाचा हिशोब वाचणारा इकडचा आहे. वाचणाऱ्याची रीत पाळावी, इतकंच.

आता तुम्ही म्हणाल, "बाई मराठीच्या, मग देवनागरी अंकांचाही आग्रह धरणार असतील." नाही धरत. इथे मी देवनागरी अंक लिहिते, कारण मला ते आवडतात आणि मराठी मजकुरात शोभतात. पण हिशोबाच्या कागदावर 1, 2, 3 असले तरी माझी तक्रार नाही. आपल्या राज्यघटनेचं ३४३ वं कलम संघराज्याच्या कामासाठी जे अंक सांगतं, त्यांचं नावच मुळी "भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप" असं आहे. ते अंक बसच्या पाटीवरून, नोटेवरून, फोनवरून प्रत्येक आजीला येतात. त्यांनी वाचणं अडत नाही. स्वल्पविरामाने अडतं. एका गोष्टीत अस्मिता आहे आणि दुसरीत सोय. दोन्हींची गल्लत केली की लोक "मराठीवाल्यांचा हट्ट" म्हणून दोन्ही बाजूला ठेवतात, आणि मग सोयही जाते.

तेव्हा माझी विनंती तरुण मंडळींना आहे. तुम्ही आईवडिलांना, आत्या-मामांना संगणक लावून देता. फोटो कसे बघायचे, व्हिडिओ कॉल कसा करायचा ते शिकवता, फार चांगलं करता. त्याच बैठकीत ही पाच मिनिटं द्या. लोकॅल भारताचं करा, तारीख आपल्या क्रमाची करा, आणि एक मोठा आकडा टाइप करून त्यांना वाचायला सांगा. न अडखळता वाचला तर तुमचं काम झालं. ज्यांच्याकडे मंडळाचा किंवा सोसायटीचा हिशोब आहे, त्यांनी सभेचा कागद छापायच्या आधी एकदा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडून तो वाचून घ्यावा.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा तीस सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. आमच्या खजिनदाराने यंदाचा कागद मला आधीच आणून दाखवला. लाखाचा स्वल्पविराम जागेवर आहे, ₹ आहे, आणि एकूण रकमेच्या खाली त्याने स्वतःहून "अक्षरी रुपये" ही ओळही घातली आहे. तुमच्याकडे सभेच्या कागदावर आकडे कसे लिहितात, ते एकदा काढून बघा आणि मला जरूर कळवा.